एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात सरळ कधीच येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या धुराड्यांवर येऊन थांबे. तिथली मातीची नळकांडी एकेक करून फिकट तांबूस होत. मग तो मागच्या चौकात वाळत घातलेल्या चादरींवर उतरे, आणि त्या चादरींनी परतवलेला, कुणीतरी आधीच वापरून सोडलेला असा उजेड नीनियनच्या खिडकीतून आत येई. मोरीच्या पांढऱ्या कडेवर तो प्रथम पडे, तिथून नळाच्या पितळी मानेवर चढे, आणि त्या वाकणावर एक बारीक ठिपका होऊन बराच वेळ रेंगाळे. शनिवार होता. कचेरी नव्हती. दोन्ही हातांत कप धरून नीनियन त्या ठिपक्याकडे पाहत बसला होता. चहा केव्हाच निवला होता, पण कप खाली ठेवला तर हातांना काय काम द्यायचे, हा प्रश्न होता. उजेड मांडणीवर गेला. ओटच्या पिठाचा डबा उजळला. मिठाचे बुटके भांडे उजळले. मग चहाचा हिरवा डबा, ज्याचे झाकण गेली तीन वर्षे नीट बसत नव्हते. आठ वाजायला दहा मिनिटे असताना उजेड त्या डब्याच्या मागे पोचेल आणि तिथे दडवलेल्या पाकिटाचा एक कोपरा पांढरा होईल, हे त्याला ठाऊक होते. पाच दिवस तो हे पाहत होता. पाचही दिवस तो कोपरा उजळण्याच्या जरासा आधी तो उठून कोट घालीत असे. आज उठण्यासारखे काही कारण नव्हते. कोपरा उजळला.

खरे तर पाकीट आणखी महिनाभरही तिथे राहिले असते. पण काल कचेरीत एक गोष्ट घडली. सांगायला गेले तर हसू यावे इतकी क्षुल्लक. शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत दाराशी नवी फळी लावली होती. प्रत्येकाचे नाव, नावापुढे सरकणारी एक पट्टी. पट्टी उजवीकडे असली की माणूस आत, डावीकडे असली की बाहेर. काल सकाळी टंकलेखन करणाऱ्या शीनाने त्याला खिडकीतून बसमधून उतरताना पाहिले आणि चांगुलपणाने त्याची पट्टी उजवीकडे सारून दिली. तो मात्र दारापर्यंत येऊन परत फिरला होता. कधी कधी त्याला चार माणसांत शिरण्याआधी एक फेरी मारावी लागे. नदीपर्यंत जाऊन तासाभराने तो वर आला, तेव्हा वरिष्ठ त्याला तळघरातल्या कपाटांपर्यंत शोधून दमले होते. "फळीवर आत आहे म्हणजे आतच असणार ना माणूस!" ते ओरडत होते. "का भिंतीत मुरला?" सगळे हसले. शीना गालाला हात लावून म्हणाली, "माझंच चुकलं बाई. तू दिसलास रे, म्हटलं आलाच आहेस, तर तेवढंच तुझं काम वाचवावं." नीनियन फळीकडे पाहत राहिला. आपल्या नावापुढची पट्टी उजवीकडे होती आणि तिथे आपला हात लागलेला नव्हता. तो तिथून हलेना, तेव्हा शीनाने त्याला खुर्ची दिली आणि पाणी आणले. आणि पाण्याचा पेला हातात घेताना त्याला पितळेचा वास आला. पेला काचेचा होता.

त्याने पाकीट काढले. एफी टेनंटचे अक्षर तेच होते, गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांवर ती क्रमांक घालीत असे तसे, एकेक अक्षर वेगळे उभे केलेले. "येत्या शनिवारी तीन वाजता बिल्ल्यांची फळी वाचनालयात काचेखाली लागणार आहे. ज्या त्या घरच्याने आपला बिल्ला आपल्या हाताने लावायचा, असं समितीनं ठरवलंय. तुमच्या घरचं तूच उरलास. खाली एक पाटी येणार आहे. ती मी लिहिलेली नाही. रॅबची छाती या हिवाळ्यात फारच बिघडली. ये." बस. "ये" या शब्दाला ना विनवणी होती ना हुकूम. दहाच्या गाडीत बसताना त्याने स्वतःला सांगितले, की आपण फक्त पाहून येणार आहोत; मग छोट्या बसमध्ये बदलताना सांगितले, की वाटेत उतरून परतही फिरता येईल. बस घाट चढू लागली. डोंगरांवर मार्चची वाळकी हेदरची झुडपे तपकिरी पडली होती, आणि ओढ्याच्या कडेने जुन्या खाणीच्या मातीचे करडे ढीग सुरू झाले. त्यांच्यावर अजून गवत धरत नव्हते. शिशाची माती ती. लहानपणी वडील म्हणत, या मातीला विसरायला शंभर वर्षं लागतील, माणसाला तितकी सवड नसते. स्टेनहेडच्या फाट्यावर त्याच्याबरोबर सहा-सात परकी माणसे उतरली, गळ्यात कॅमेरे, पायांत नवे बूट. तो त्यांच्यातच राहिला. त्यांच्या मागोमाग पत्र्याच्या खोलीपाशी गेला, आणि ज्या बोगद्यात त्याच्या घरच्या चार पिढ्या गेल्या होत्या तो पाहण्यासाठी तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

खिडकीत एफीच होती. केस सगळे पांढरे झाले होते. पाठ मात्र तशीच ताठ. तिने वर पाहिले. तिच्या पापणीची हालचालही झाली नाही.

"एकच?" तिने विचारले.

"एकच."

"टोपी घट्ट बसवा, साहेब. छत बुटकं आहे. इथल्या माणसांच्या बेताचं आहे, शहरातल्यांच्या नाही." मग लोखंडी टोपी पुढे करताना, फक्त त्याला ऐकू जाईल असे, "जेवलायस का?"

"नाही."

"मग नंतर जेव. आधी आत चल."

बोगद्यात पाणी टपकत होते. पाहुणे वाकून चालत होते, हसत होते, एकमेकांना धक्के देत होते. एफीचा आवाज पुढून येत होता, सपाट आणि सरावलेला: इथे हातोडीच्या खुणा, इथे मुलांनी ढकललेल्या गाड्यांचे रूळ. नीनियन सर्वांत मागे होता. शंभरएक पावलांवर ती थांबली आणि म्हणाली, "आता मी दिवा घालवते. भिऊ नका. बाहेर धुकं उतरलं की आमच्या डोंगरावर असंच होतं, फक्त काळ्याऐवजी पांढरं." दिवा गेला. कुणीतरी लाडिक किंचाळले आणि गप्प झाले. त्या अंधारात एफी बोलू लागली, आणि नीनियनला कळले की सरावलेला आवाज संपला आहे. "खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असे. एका बाजूला आकडा, दुसरी बाजू कोरी. आत जाताना बिल्ला उलटा करायचा, कोरी बाजू वर. बाहेर आलं की सुलटा. आकडा दिसला म्हणजे माणूस घरी. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा. नवऱ्याचा बायकोनं नाही, बापाचा लेकानं नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणाऱ्याला पुन्हा खाणीत घेत नसत, मग तो सख्खा भाऊ का असेना. खाण बंद पडली, पण रीत राहिली. माणसं डोंगरावर मेंढरांमागे जाऊ लागली तरी जाताना घंटाघरातला बिल्ला उलटा करून जात. धुकं आलं की ज्याची पाळी असेल त्यानं दर पाव तासाला बारा टोले द्यायचे. फळीवर एक जरी कोरा बिल्ला असला तरी थांबायचं नाही. धुक्यात डोळे कामाचे नसतात. माणूस आवाज धरून उतरतो."

"आणि कधी चूक झाली नाही?" एका बाईने विचारले. अंधारात तिचा आवाज फार जवळून आला.

"एकदा," एफी म्हणाली. "पासष्ट साली. वॉल्टर लेडलॉ नावाचा माणूस. तिसऱ्या दिवशी सापडला. बर्फावर त्याची पावलं होती. डन लॉच्या माथ्यापासून गावाच्या रोखानं सरळ आली होती, दोरी लावून आखल्यासारखी. दगडी बांधाच्या अलीकडे शे-दोनशे हातांवर ती थांबली. तिथं बर्फ तुडवलेला होता, बराच. उभा राहून कान देत असणार. नंतरची पावलं मग गोल गोल."

"अगं बाई! म्हणजे घंटा बंद पडली? कुणी बंद केली?"

पाणी टपकत होते. नीनियनने ते मोजले. सात थेंब पडले.

"दिवा लावते," एफी म्हणाली. "डोळे मिटून घ्या, एकदम चमकतात."

त्याने डोळे मिटले नाहीत. बाहेर पडेपर्यंत त्याच्या दृष्टीपुढे हिरवी वर्तुळे तरंगत राहिली, आणि त्या वर्तुळांतून तो दिवस येऊ लागला. नेहमी येई तसाच, आपल्या सोयीने कापलेला. त्या दुपारी साडेतीनपर्यंत घंटेची पाळी त्याच्या घरची, लेडलॉंची होती. आई जाऊन सहा वर्षे झाली होती, म्हणून पाळी म्हणजे तोच, सतरा वर्षांचा. दोन वाजता वडील घंटाघराच्या चाळीस पायऱ्या चढून आले. खाणीने त्यांची छाती खाल्ली होती. विसाव्या पायरीवर ते थांबत, आणि थांबलो नाही असे दाखवण्यासाठी तिथे उभे राहून डोंगराकडे पाहत. फळीसमोर त्यांची रुंद पाठ उभी राहिली. एक्केचाळीस नंबरचा खिळा वाकडा होता, बिल्ल्याचे भोकही झिजून लांबट झाले होते. तो फिरवण्याची काहीतरी खुबी होती आणि ती वडिलांच्या पाठीआड होई. बिल्ला कोरा झाला. "येतो," वडील म्हणाले, आणि मॉस हा त्यांचा कुत्रा त्यांच्या पायांतून पुढे धावला. अडीचला धुके उतरले. पावणेतीन, बारा टोले. तीन, बारा टोले. दोर ओला आणि काथ्यासारखा खरखरीत. तळहात सोलून निघाले होते. सव्वातीनचे टोले देऊन तो दाराशी आला, तेव्हा पायऱ्यांखालून मॉस जाताना दिसला, मान खाली, घराकडे. कुत्रा नेहमी दहा पावले पुढेच असे. कुत्रा आला म्हणजे पाठोपाठ वडील. आता ते खालच्या वाटेने येतील, आणि केवळ एका बिल्ल्यासाठी ती छाती घेऊन या चाळीस पायऱ्या पुन्हा चढतील. विसाव्या पायरीवर थांबतील. डोंगराकडे पाहिल्याचे नाटक करतील. तो फळीपाशी गेला. त्याने हात वर केला. आणि इथे, बारा वर्षे, दररोज, चित्र थांबत असे. हात हवेत, बोटे पितळेपासून चार अंगुळे दूर. त्यापुढे एकदम साडेतीन व्हायला आलेले असत, पायऱ्यांवर पाळी बदलायला रॅब टेनंट भेटलेला असे, "जा पोरा, शेक जरा" म्हणालेला असे. मग वाचनालय, लालबुंद शेगडी, आणि पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचे ते दाराजवळचे भांडे. त्या बर्फगार पाण्यात त्याने हात दोनदा धुतले होते. दोनदा का, हे त्याने स्वतःला कधी विचारले नव्हते.

वाचनालयाच्या बाहेर बाकावर एफीचा भाऊ रॅब उन्हात बसला होता, गळ्यापर्यंत गुंडाळलेला, गुडघ्यांवर कांबळे. श्वास घेताना त्याच्या छातीत ओल्या वाळूसारखे काहीतरी सरकत होते. त्याने नीनियनला पायांपासून वरपर्यंत पाहिले.

"अरे! ही लोखंडी टोपी कोणाच्या डोक्यावर बसलीय? ग्लासगोत छतं पडतात का आजकाल?"

नीनियनने गडबडीने टोपी काढली. "कसे आहात, रॅब?"

"मी? मला काय झालंय! एफीला विचार, ती माझ्या शवपेटीचं माप घेऊन बसलीय." तो हसला आणि त्याला खोकला आला, खोकला संपेपर्यंत दोघेही दुसरीकडे पाहत राहिले. "तिकीट काढलंस म्हणे. बापाच्या खाणीचं! तुझ्या बापानं, वॉटनं, ऐकलं असतं तर हसून हसून दुसऱ्यांदा गेला असता."

"मला कुणाला त्रास..."

"त्रास कसला. बैस. लग्नबिग्न?"

"नाही."

"छान. मीही नाही केलं. तरी बायको मिळालीच, बहिणीच्या रूपात." तो थोडा वेळ श्वास जमवीत राहिला. समोर टेकाडावर घंटाघर दिसत होते. दार उघडे होते. नवा पांढरा दोर आत लोंबत होता. त्या संध्याकाळनंतर रॅबच्या हाती कोणी दोर दिला नव्हता, हे नीनियनला एफीच्या जुन्या पत्रातून कळले होते. पाळ्यांच्या यादीतून टेनंटांचे नावच गाळले होते. कुणी भांडले नाही, कुणी बोलून दाखवले नाही, यादी पुन्हा लिहिताना ते फक्त लिहिले गेले नाही. गुत्त्यात तो आला की चेष्टेने कोणीतरी विचारी, रॅब, पेल्यातलं दिसतंय ना नीट, का दोन दिसतायत? तोही हसे. "काल बिल्ले काढले सगळे," रॅब म्हणाला. "घासायला. बाकीचे निघाले पटापट. एक्केचाळीस काही निघेना. पकड लावावी लागली बघ. वॉटसारखाच, कोणाचं ऐकेल तर शपथ. तोच एक त्याला वळवू जाणे. अंगठ्यानं काय करायचा कोण जाणे. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, तुझा तू बघ."

"रॅब," नीनियन म्हणाला. "ती पाटी..."

"पाटी काय, पाटी! दोन वर्षांत उन्हानं अक्षरं उडतात. आत जा. एफीनं रस्सा ठेवलाय तुझ्यासाठी."

पाटी वाचनालयाच्या टेबलावर होती, स्क्रूंच्या डबीशेजारी. रस्सा तिने समोर ठेवला. बार्लीचा, मटणाचा, लहानपणीचा. तो चमचा फिरवीत राहिला. तिने पाटी उचलून रश्शाच्या वाडग्याला टेकून उभी केली, जसे आजाऱ्यासमोर औषध ठेवतात. 'फेब्रुवारी १९६५ मध्ये पाळीवरील माणसाच्या हलगर्जीपणामुळे घंटा वेळेआधी थांबली आणि वॉल्टर लेडलॉ डोंगरावरून परतू शकले नाहीत.' नाव कोणाचे नव्हते. नावाची गरजही नव्हती.

"गेमेल मास्तरांनी लिहिलंय," ती म्हणाली. "बाहेरून आलेला माणूस. गावानं सांगितलं ते त्यानं लिहिलं. त्याचा दोष नाही."

"हो."

"रॅब म्हणतो, मरू दे. मी नाही म्हणत. दर शनिवारी परक्या बायका मला अंधारात विचारतात, कुणी बंद केली. बारा वर्षांत एक दिवस तरी मला उत्तर द्यायचंय, नीनियन." ती त्याच्याजवळ आली. "मी तुला काही विचारत नाहीये. तेव्हा विचारून झालंय."

तेव्हा विचारून झाले होते. याच टेबलाशी, वडील सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, समितीची पाच माणसे टोप्या हातात धरून बसली होती. रॅब म्हणाला होता, "मी आलो तेव्हा आकडा होता. एकूणएक आकडे होते फळीवर. म्हणून दोर वर बांधला आणि गेलो." कोणीतरी म्हणाले, दारूचा एक पेला पिऊन आला होतास ना? "एक पेला घेतला म्हणजे पितळ वाचता येत नाही का? आकडा होता!" मग पाचही चेहरे नीनियनकडे वळले, हळुवारपणे, पोरक्या मुलाकडे वळावेत तसे. तू पाळी सोडलीस तेव्हा बापाचा बिल्ला कसा होता, बाळ? त्याने हात मांडीखाली घेतले होते. हात मांडीखाली घेतल्याचे आठवते. शेगडीत पीटच्या जळाऊ मातीचे ढेकूळ फुटल्याचे आठवते. "कोरा," तो म्हणाला. रॅबने तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडले. मग त्याने नीनियनच्या मांडीखालच्या हातांकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि तोंड मिटले. ते पुन्हा त्या विषयावर उघडले नाही. आणि त्या एका शब्दाभोवती नीनियनने बारा वर्षे बांधली. कोराच होता. हात वर केला होता, खरे. पण फिरवला नव्हता. रॅबला धुक्यात चुकीचे दिसले असेल. पितळ ओले असले की चमकते. चमकीत आकडा आहे असे वाटू शकते. इतक्या काळजीने, इतक्या सावकाशीने तो हे पटवून घेत आला होता, की कधी कधी त्याला रॅबची कीवही येई.

तीन वाजता खोली भरली. वीस-पंचवीस माणसे, ओल्या लोकरीचा वास, मागे किटलीची वाफ. पुस्तकांच्या कपाटांमध्ये फळी उभी केली होती. नवे वार्निश, जुने खिळे. गेमेल मास्तर चष्मा पुशीत म्हणाले, "आधी कोरी बाजू लावायची, मग फिरवून आकडा. म्हणजे सगळे घरी आले, असं." एकेक घर पुढे आले. हातांत पितळ, खिळ्यावर पितळ, मग ती लहानशी गिरकी. गेलेल्यांची नावे कोणी मोठ्याने घेत नव्हते. आकडेच बोलत होते. कुणी म्हणे, "हा आमच्या आजोबांचा, बघा, चावल्याच्या खुणा! उधारीवर तंबाखू मिळाली नाही की बिल्ला चघळायचे." लोक हसले. नीनियन भिंतीला टेकून उभा होता. रॅबला आत आणून शेगडीजवळ बसवले होते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. खोलीत बसायला जागा नसताना त्या रिकाम्या होत्या.

"एक्केचाळीस," मास्तर म्हणाले.

तो भिंतीलाच टेकून राहिला. एफीने क्षणभर वाट पाहिली, मग बिल्ला स्वतःच उचलला. "हा खिळा जरा द्वाड आहे, मी टांगून देते, मग तू फिरव." तिने लावून पाहिला. बिल्ला अर्ध्यावर अडकला. तिने ओढला, ढकलला. तो निसटून जमिनीवर पडला आणि घरंगळत नीनियनच्या बुटाशी येऊन आडवा झाला. "बघा," रॅब मागून म्हणाला, "अजून हट्ट गेला नाही." पुन्हा हसू. नीनियन वाकला. पितळ एफीच्या हातांनी कोमट झाले होते. तो फळीपाशी गेला. तो शीनाचा विचार करीत होता. तिने गालाला लावलेल्या हाताचा. आलाच आहेस, तर तेवढंच तुझं काम वाचवावं. बिल्ला केव्हा खिळ्यावर चढला हे त्याला कळले नाही. मग बोटांनी बिल्ला जरासा उचलला, डावीकडे कलता केला, आणि अंगठ्याच्या बाजूने, नखाने नव्हे, खालून एक हलका रेटा दिला. तो वळला. दोन आवाज झाले. एक खिळ्यावर, एक लाकडावर. एक्केचाळीस.

खोलीत कोणी हसले नाही.

"अरे वा!" मास्तर म्हणाले. "पहिल्याच झटक्यात! वडिलांनी शिकवून ठेवलं होतं वाटतं?"

ते बाहेरून आलेले होते. बाकीच्यांपैकी एकालाही तो प्रश्न सुचला नसता. स्टेनहेडमध्ये आपला बिल्ला कसा फिरवायचा हे बाप लेकाला शिकवीत नसे. म्हातारी माणसे त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. तो अंगठा अजून पितळेवर होता. किटलीचे झाकण थडथडत होते; ते कोणी काढीना. एफी हातातले फडके पिळत उभी होती, आणि ते फडके कोरडे होते.

"रक्तातच असतं ते," रॅबचा आवाज आला. मोठ्याने बोलण्यासाठी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. तो कोणाकडेच पाहत नव्हता. शेगडीकडे पाहत होता. "हातच बापाचे आहेत पोराचे. लावा हो मास्तर तुमची काच, आणि ती पाटीही ठोका. चहा उकळून कडू झाला असेल."

मास्तरांनी काच उचलली. स्क्रूची डबी उघडली. काच खिळ्यांसमोर आली तेव्हा नीनियनला तिच्यात स्वतःचा वर उचललेला हात दिसला. तो थांबलेला नव्हता. बारा वर्षे चार अंगुळांवर थोपवून धरलेले ते चित्र आता सहज पुढे सरकत होते, कोणी अडवल्याशिवाय: थंडगार पितळ, डावीकडे कल, अंगठ्याचा रेटा, दोन आवाज, मग दोर तसाच लोंबत सोडून दिलेले सोललेले तळहात, आणि उबेकडे जाण्याचा तो केवढा मोठा, निर्लज्ज आनंद. साडेतीन, टोले नाहीत. पावणेचार, टोले नाहीत. दगडी बांधाच्या अलीकडे कोणीतरी उभा राहून कान देत आहे.

"मास्तर," तो म्हणाला, "काच नका लावू."

"का रे, काय झालं?"

"कुत्रा एकटाच आला होता. वडील आले नव्हते. बिल्ला मी फिरवला."